स्वस्त न्याहारीचे मोल

धरमपुरीच्या बाजारात सकाळी पोहे-जिलेबीच्या दुकानापुढे हमाल, शिक्षक, नर्मदेचा परिक्रमावासी आणि आमच्यासारखे निवृत्त अधिकारी शेजारी शेजारी उभे असतात. आपल्या पूर्वजांच्या पंगतीत जे कधी घडले नाही, ते येथे सहज घडते. कारण दर सर्वांना परवडतो. या स्वस्ताईचे कौतुक करताना एक प्रश्न मात्र टाळता येत नाही : ती येते कोठून?

तिची काही कारणे निर्मळ आहेत. माळव्यात पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेने गरम ठेवतात. इंधन थोडे लागते, तेल बेताचे पुरते. वरून शेव, कांदा व जिरावन पडले की काम झाले. खुर्च्या नाहीत, थाटमाट नाही. साधेपणातून आलेला हा लाभ गिऱ्हाइकाने निःशंक घ्यावा.

परंतु कपबशा विसळणारा हात दहा वर्षांच्या मुलाचा असेल तर? हॉटेले व ढाब्यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीने कायदा अधिक व्यापक झाला. तथापि निरीक्षक रोज येऊ शकत नाही, गिऱ्हाईक रोज येते. म्हणून त्या मुलाविषयी मालकाला विचारणे, आणि मोठ्या माणसाच्या मजुरीपायी दर दोन रुपयांनी वाढला तर कुरकुर न करता तो देणे, हे आम्ही खाणाऱ्याचेच कर्तव्य मानतो.