घरच्यासारखी

पाहुण्याने यजमानाच्या घरातल्या दोन गोष्टींत लक्ष घालू नये, असं आमची आई सांगे : नवराबायकोचं भांडण आणि मोलकरणीचा पगार. सिंगापूरला भाच्याकडे तीन आठवडे राहिलो, तेव्हा पहिली गोष्ट मी कसोशीने पाळली. दुसरी मात्र भाच्याने आपणहून पुढ्यात आणली.

"मामा, ही आमच्याकडे अगदी घरच्यासारखी आहे बरं का," माझ्या हातात चहा पडतो न पडतो तोच भाचेसून म्हणाली. 'ही' म्हणजे चहा घेऊन आलेली फिलिपिनो बाई. तिला मराठी कळत नव्हतं, म्हणून ती हसली.

'घरच्यासारखी' या शब्दाची मला जरा धास्तीच वाटते. घरच्याला कुणी घरच्यासारखा म्हणत नाही. 'या आमच्याकडे अगदी आईसारख्या राहतात' असं कुणी आमच्या आईला म्हटलं असतं, तर तिने त्याच दिवशी ट्रंक भरली असती.

पण दोनतीन दिवसांत मलाही ते पटायला लागलं. पोळ्या ती भाचेसुनेपेक्षा गोल लाटत होती (हे मी घरात बोललो नाही). धाकटा नातू तिच्याच मांडीवर झोपत होता. मग एकदा तिच्या खोलीचं दार उघडं दिसलं. दार पोलादी, भिंती जाड, खिडकी नाही. १९९८ पासून तिथे नव्या घरांत बाँबपासून निवाऱ्याची एक खोली बांधावीच लागते. आमच्याकडे माळ्यावर जातं ते सामान तिथे या खोलीत जातं, आणि पुष्कळ घरांत त्या सामानाबरोबर बाईही. "पंखा आहे मामा," भाचा घाईघाईने म्हणाला. युद्ध पेटलं असतं तर आम्ही सगळे तिच्याकडेच राहायला जाणार होतो!

मग भाच्याने हिशेबच मांडला. पगाराखेरीज सरकारला दरमहा तीनशे डॉलर लेव्ही. तिला नीट मायदेशी पाठवीन या हमीपोटी पाच हजार डॉलरचा जामीन. दर सहा महिन्यांनी डॉक्टरी तपासणी, तीत गर्भारपणाचीही. घरातल्या आणखी कुणासाठी त्याने जामीन दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. वास्तविक एका मेहुण्यासाठी द्यायला हरकत नव्हती.

"आणि रविवार?" मी विचारलं.

कायदा आहे. २०१३ पासून आठवड्याची सुट्टी आली. पण बाईची कबुली असेल तर पैसे देऊन त्या दिवशी काम करून घेता येतं. २०२३ पासून महिन्यातली एक सुट्टी तरी अशी विकत घेता येत नाही. "म्हणून एक रविवार ती जाते, बाकीचे आम्ही घेतो," भाचा म्हणाला. अंडी घेतो म्हणावं तसं. "तिचीच इच्छा असते, मामा."

असेलही. दोन मुली गावी शिकत होत्या, पैसे कुणाला नको असतात? पण हे 'तिचीच इच्छा' प्रकरण मला रात्रभर छळत राहिलं. जिच्या कामाचा परवाना मालकाच्या नावाला बांधलेला, त्याने तो रद्द केला आणि दुसरं घर मिळालं नाही तर जिला देश सोडावा लागतो, आणि जी झोपते त्याच्याच घरात, तिला तो गोड आवाजात विचारणार, "रविवारी थांबतेस का?" मी बँकेत पस्तीस वर्षं काढली. साहेबाने शनिवारी दुपारी थांबवलं तर मला एकदाही 'नाही' म्हणता आलं नाही. आणि मी साहेबाच्या घरी झोपत नव्हतो.

भाच्याने मला एक खटलाही सांगितला. २०१६ साली तिथे ब्रह्मदेशातल्या एका घरकामगार मुलीचा मालकिणीने उपासमार आणि मारहाण करून जीव घेतला. मुलीचं वय २४, मरताना वजनही २४ किलो. मालकिणीला २०२१ मध्ये तीस वर्षांची शिक्षा झाली. "राक्षसच!" आम्ही सगळे म्हणालो. म्हटल्यावर बरं वाटलं. राक्षसाच्या शेजारी उभं राहिलं की आपण सगळेच देव दिसतो. मला मात्र उगीचच आमच्या पुण्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतला कान तुटलेला कप आठवला. कामवाल्या बाईंचा कप. तो तिथे कुणी ठेवला, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही. २०११ साली जिनिव्हात घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. फिलिपिन्सने तो स्वीकारला, सिंगापूरने नाही. मी नाक मुरडणार, तोच लक्षात आलं की आपणही नाही.

आता माशांचं सांगतो. आम्ही मूळचे मालवणचे. भाचेसून मात्र कडक शाकाहारी. घरच्यासारखी असल्यामुळे त्या बाईलाही वरणभातच. तिच्या एकुलत्या रविवारी मीही 'पुस्तकांची दुकानं बघतो' असं सांगून ऑर्चर्ड रोडवर सटकलो. तिथे लकी प्लाझा नावाची इमारत आहे. रविवारी ती फिलिपिनो बायकांनी फुलून जाते. घरी पैसे पाठवणं, खोकी भरणं, गप्पा. माशाच्या वासाच्या मागोमाग मी एका खाणावळीत शिरलो, तर समोर ही. लाल फ्रॉक, ओठ रंगवलेले, मैत्रिणींत बसून एवढ्या मोठ्याने हसत होती की मी तिला आवाजावरून ओळखलंच नसतं.

"अंकल!" तिने खुर्ची ओढली. घरी मी 'सर' होतो. "बांगुस?" मला अर्धा बांगडाच ऐकू आला, मी मान डोलावली. बांगडा नव्हता, पण तळलेला होता, आणि ताजा होता. आम्ही दोघांनी हाताने भात कालवून खाल्ला. पैसे तिने देऊ दिले नाहीत. मी पाहुणा होतो म्हणे. "मॅडमला सांगू नका," ती म्हणाली. मीही तिला तेच सांगणार होतो.

संध्याकाळी सातला ती परतली तेव्हा मोरीत सकाळपासूनची भांडी होती. लाल फ्रॉक काढून ती त्यांच्यापुढे उभी राहिली. सुट्टी रात्रीपर्यंत होती. मी उठलो.

"तुम्ही बसा हो मामा," भाचेसून प्रेमाने म्हणाली, "ती आहे ना."

मी बसलो.

थोड्या वेळाने ती चहा घेऊन आली. "शुगर, सर?"

माझ्या उजव्या हाताला अजून माशाचा वास येत होता. मी कप डाव्या हाताने घेतला.