आठ तासांनंतर

मुंबईतल्या एका पोलीस ठाण्यात एक हवालदार होता. अकस्मात मृत्यूचा कॉल आला की ठाणे अंमलदार त्यालाच पाठवायचे, कारण त्याने लिहिलेला पंचनामा कोर्टात टिकायचा. बुडालेला असो की जळालेला, कपड्यांचा रंग, अंगावरच्या खुणा, खिशातल्या वस्तू तो नीट लिहून घेई आणि घरी जाऊन जेवायला बसे. जेवताना बोलत नसे, एवढंच.

ड्यूटी तेव्हा बारा-बारा तासांची. गणपतीच्या बंदोबस्तात तर ती कधी सुटेल हे साहेबांनाही सांगता येत नसे. पोलीस सदैव कामावरच आहे असं समजावं, हे १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यानेच लिहून ठेवलं होतं.

एका पावसाळ्यात नाल्यात वाहून गेलेल्या शाळकरी पोराचा पंचनामा त्याच्या वाट्याला आला. दप्तरात डबा होता. ‘अर्धी चपाती, साखर लावलेली,’ असं त्याने लिहिलं, पंचांच्या सह्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर आला. त्या दुपारी एक म्हातारी रडत ठाण्यात आली. नातू घरी आला नव्हता. हवालदार तिच्यावर खेकसला, “येईल की! जा घरी.”

नातू संध्याकाळी आपला आपण परतला. पण म्हातारीने गल्लीत सगळं सांगितलं, आणि गल्लीतली माणसं ठाण्याची पायरी चढेनाशी झाली. चोरी झाली तरी कोणी यायचं नाही.

पुढे २०१६ साल आलं. देवनार ठाण्यातल्या एका साध्या कर्मचाऱ्याने आठ तासांच्या पाळ्यांचा तक्ता स्वतः बसवला होता. आयुक्त दत्ता पडसलगीकरांनी तो समजून घेतला, आधी देवनारलाच करून पाहिला आणि १ जानेवारी २०१७ पासून शहरभर लावला. रोज हजेरीला उभा राहणाऱ्या माणसाला जे सुचलं, ते वरच्यांनी ऐकलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

हवालदार वेळेवर घरी येऊ लागला. बायकोला बरं वाटलं. पण झोप काही येईना. मध्यरात्री उठून तो पोलीस लाईनच्या गॅलरीत बसून राही. ठाण्यात समुपदेशक बाई येत, त्यांच्या समोरची खुर्ची रिकामीच असे. डोक्यावर परिणाम झालाय असं लोक म्हणतील, पिस्तूल काढून घेतील, बढती अडेल, ही भीती सगळ्यांनाच होती.

एका सकाळी हजेरीला वरिष्ठ निरीक्षक म्हणाले, “काल मी बाईंकडे जाऊन आलो. जुन्या एका केसमधली मुलगी मला अजून दिसते. आजपासून मृत्यूचा पंचनामा करून आलेल्या प्रत्येकाने दुसऱ्या दिवशी बाईंना भेटायचं. साहेब असो की शिपाई. सेवापुस्तकात त्याची नोंद होणार नाही.”

हवालदारही गेला. पहिल्या भेटीत तो नुसता बसून आला. दुसऱ्या भेटीत एवढंच म्हणाला, “साखर लावलेली होती, बाई.” मग खूप वेळ रडला.

साहेबांनी त्याला खेकसणं मात्र माफ केलं नाही. त्याला त्याच गल्लीची बीट दिली आणि आधी म्हातारीची माफी मागून यायला सांगितलं. तो गेला. म्हातारीने त्याला आत बोलावलं.

पोलिसांची काळजी घ्यायची की लोकांच्या तक्रारींची, असा वाद आपल्याकडे नेहमी चालतो. त्या म्हातारीला हे दोन वेगळे प्रश्न कधीच नव्हते. तिला तिचं ऐकून घेणारा माणूस हवा होता, आणि त्या दुपारी त्या माणसात ऐकण्याची ताकद उरलेली नव्हती.

गल्लीतून पुन्हा पहिली तक्रार आली ती पाण्याच्या मोटारीच्या चोरीची. हवालदाराने ती लिहून घेतली, वाचून दाखवली, सही घेतली आणि कायद्याने फुकट मिळणारी प्रत तिथल्या तिथे फिर्यादीच्या हातात दिली.