वाऱ्याचं काम कोण करणार?

परसातल्या भाजीवर प्लास्टिकचा मांडव घालणाऱ्याला बाहेर काय काय ठेवायचं हे पक्कं ठाऊक असतं. जुलैच्या झडीत कोथिंबीर सडते, तेव्हा पाऊस बाहेर. टोमॅटोची पानं तासन्‌तास ओली राहिली की करपा पडतो, तेव्हाही पाऊसच बाहेर. वारा वेल ओरबाडतो, मिरचीची कोवळी रोपं लोळवतो, तोही नको. पांढरी माशी रोगाचे विषाणू घेऊन येते, म्हणून दोन्ही तोंडांना ४० मेशची जाळी. बांबूच्या नाहीतर जीआय पाइपच्या कमानी, त्यांवर ताणलेला २०० मायक्रॉनचा कागद, कडा मातीत दाबलेल्या. एवढ्यावर काम भागतं.

ही युक्ती मुळात काटकसरीतून आली. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या प्राध्यापक एमर्ट यांना काचेचं हरितगृह परवडेना, म्हणून त्यांनी १९४८ साली काचेऐवजी पातळ पारदर्शक पापुद्रा वापरला. आज शेतातल्या एकरी पॉलिहाऊसपासून बंगल्यामागच्या चार पावलांच्या मांडवापर्यंत सगळा पसारा त्याच विचाराचा. आणि मांडव गुण देतोही. बाजारात कोथिंबिरीच्या जुडीला हात लावायची सोय नसते, तेव्हा घरची हिरवीगार उभी असते. मेथीच्या पानांवर चिखलाचा शिंतोडा नसतो. पालक धुवायला एक पाणी पुरतं.

पालेभाजीपर्यंत सगळं असं सुरळीत जातं. खरी परीक्षा फळभाजीपासून सुरू होते. टोमॅटोला पिवळी फुलं झुबक्यांनी लागतात आणि बरीचशी देठापासून गळून पडतात. काकडीच्या मादी फुलामागची बोटाएवढी काकडी पिवळी पडून सुकते. दुधीचंही तेच. खत कमी पडलं का, पाणी जास्त झालं का, असा विचार पहिल्यांदा मनात येतो. दोष बहुतेकदा दोन्हींचा नसतो. ज्यांना आपण जाळीबाहेर ठेवलं, त्यांच्यातले काहीजण कामावर होते.

टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, त्यामुळे दुसऱ्या फुलाची गरज नसते. पण परागकण पुंकेसरांच्या मिटलेल्या नळीत असतात, ते झडायला हिसका लागतो. उघड्या वाफ्यात तो हिसका वारा देतो. मांडवात वारा नाही, मग माळ्याने सकाळी ऊन तापायच्या आत वेल बांधलेल्या दोऱ्यांना टिचक्या मारत फिरायचं. काकडीचं नर फूल तोडून, पाकळ्या सोलून, मादी फुलात हलकेच फिरवायचं. दुधी आणि दोडका संध्याकाळी फुलतात, त्यांची पाळी दिवेलागणीला. तिथे एरवी रात्रीचे पतंग खपत असतात.

युरोपातल्या काचघरांतही हेच झालं. टोमॅटोचे झुबके हलवायला मजूर विजेवर थरथरणारी कांडी घेऊन ओळींमधून फिरत, आणि ती मजुरी भारी पडे. बेल्जियममधले पशुवैद्य रोलांड दे योंगे यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यात दाखवून दिलं की बंबलबी नावाची केसाळ माशी हे काम माणसापेक्षा चोख करते. १९८७ साली त्यांनी या माश्यांची पैदास करून विकायला सुरुवात केली. तेव्हापासून तिकडचे शेतकरी या माश्यांची खोकी विकत आणून काचघरात ठेवतात. काचेने दार लावलं माशीला, आणि मग माशीच पैसे मोजून आत बोलावली.

आपल्याकडे हे काम करणारा गडी आपल्याला चांगला ठाऊक आहे, फक्त नावडता आहे. तो म्हणजे काळाभोर भुंगा. तो फुलाला घट्ट धरतो, पंख जागच्या जागी ठेवून अंग थरथरवतो, आणि त्या गुणगुणीने पराग झडतात. मधमाशीला ही कला साधत नाही. टोमॅटो आणि वांगी या दोघांनाही त्याची थरथर मानवते. पण हाच भुंगा छपराचे वासे पोखरतो, वाळक्या बांबूला भोक पाडून आत घर करतो. म्हणजे मांडवाच्या बांबूच्या कमानीला तो छिद्र पाडू लागला की आपण फवारा घेऊन धावतो, आणि आतला टोमॅटो मात्र त्याच्याचसाठी खोळंबलेला असतो.

पावसाचाही हिशेब असाच निघतो. पानामागच्या लाल कोळ्यांना कोरडी, उबदार, बंद हवा आवडते. पावसाची एक दणकट सर त्यांना धुऊन काढते. खतातले क्षार मातीत वर साचत जातात आणि उन्हाळ्याअखेर वाफ्यावर पांढुरका थर दिसू लागतो. उघड्या रानात हे क्षार पाऊस खाली झिरपवून टाकतो. मांडवात त्यासाठी नळ सोडून वाफे भिजवावे लागतात, नाहीतर दोन पिकांमध्ये कागद गुंडाळून एखादा जोराचा पाऊस मातीवर घ्यावा लागतो. ज्या पावसापासून कोथिंबीर वाचवली, तोच वाफा धुवायला बोलवायचा.

त्रास देणारा आणि काम करणारा हे पुष्कळदा एकच असतात. त्रास डोळ्यांवर येतो, कारण तो मोडतोड करतो, आवाज करतो. काम मात्र रोजचं आणि बिनबोभाट असतं, त्यामुळे ते कुणाच्या खात्यावर मांडलं जात नाही. जुन्या वाड्यात ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकणारी आजी असायची. कुठे निघालास, हे कोण आलं होतं, एवढा उशीर का. फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर तिच्यापासून सुटका झाल्याचा आनंद होतो. मग शाळेतून आलेल्या पोराला दार उघडायला कोणी नसतं, कुरियर परत जातं, जिन्यात अनोळखी माणूस दिसला तरी कोणी विचारत नाही. सोसायटी गुरखा ठेवते, कॅमेरे बसवते, पाहुण्याची नोंद करायला ॲप घेते, आणि आजी चहाच्या कपावर करायची ते काम महिन्याच्या मेंटेनन्समध्ये येतं. एवढं करून कॅमेरा पोराला जेवलास का विचारत नाहीच.

म्हणून मांडव मोडायचा का? नाही. झडीत सडलेली कोथिंबीर काही सोयीची नव्हती, आणि आजीच्या प्रश्नांनी घुसमटलेल्या सुनाही काही खोटं बोलत नव्हत्या. एखादी गोष्ट उपयोगी आहे म्हणून तिचा सगळाच जाच सोसावा, असा नियम नाही. आडोसा हवाच. पण आडोसा घेणाऱ्यांची एक समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. आडोशाने कष्ट संपतात असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते हात बदलतात. कालपर्यंत वारा जे करत होता, ते उद्यापासून आपल्याला करायचं असतं.

जाणते बागाईतदार हे सुरुवातीलाच धरून चालतात. ते बाजूचा कागद कायमचा ठोकत नाहीत, गुंडाळता येईल असा पाइपला बांधतात. ऊन चढलं की बाजू वर, झड आली की खाली. टोमॅटोला फुलं धरली की सकाळचे काही तास जाळीचं दारही उघडं. थोडी पांढरी माशी शिरेल, हे त्यांना माहीत असतं. भुंगाही शिरेल, हेही माहीत असतं. दोहोंचा मेळ घालून ते दार किती वेळ उघडं ठेवायचं ते ठरवतात.

घरात, कचेरीत, नात्यात आपण रोज कुठे ना कुठे असा कागद ताणत असतो. एखाद्याचा फोन घेणं बंद करतो, एखाद्या खोचक सहकाऱ्याला बैठकीतून वगळतो, एखादी जुनी प्रथा कटकटीची म्हणून सोडतो. त्यातलं बरंचसं योग्यही असतं. फक्त कडा मातीत दाबण्याआधी विचारून घ्यावं: हा आत असताना नेमकं काय करत होता? उत्तर ‘काही नाही’ असं आलं, तर खुशाल दाबाव्यात. काही निघालं, तर ते काम आता आपल्यापैकी कोण करणार, हेही त्याच बैठकीत ठरवावं.