न दिसणं दिसतं का?

हे वाचताना मधेमधे थांबायचं आहे. घाई नसेल तेव्हाच बसा.

दोन्ही हात समोर ताठ धरा, अंगठे वर, एकमेकांना लागून. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडे बघत राहा आणि उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्या. नजर त्याच्यामागे पळेल; तिला परत आणा. साधारण वीतभर अंतरावर उजव्या अंगठ्याचं टोक नाहीसं होईल. फ्रान्सच्या एदम मारिओतने सतराव्या शतकात दाखवून दिलेला हा अंधबिंदू.

तिथेच थांबा. अंगठ्याच्या जागी काय दिसतंय? काळा डाग नाही, भोक नाही. मागची भिंत सलग दिसते. ती जागा मेंदूने परस्पर भरून टाकली आहे, आणि हे तो रोज करत आला आहे.

हात खाली घ्या. दोन्ही डोळे क्षणभर मिटा, मग पुढे वाचा.

अंधबिंदूच्या ठिकाणी डोळ्याच्या आतल्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी नाहीत, कारण तिथूनच दहा-बारा लाख तंतू एकत्र होऊन मेंदूकडे निघतात. गर्भ जेमतेम चार आठवड्यांचा असताना मेंदूच्या पुढच्या भागाला दोन फुगवटे येतात आणि त्यांतून पडदा घडतो. म्हणजे डोळ्याचा पडदा हा पुढे आलेला मेंदूच. शाळेत आपण डोळा आणि कॅमेरा घोकत बसलो, हे नातं राहूनच गेलं. मेंदूवरची तीन आवरणं डोळ्याच्या नसेवरही चढलेली असतात आणि त्या आवरणांमधलं पाणीही दोन्हीकडे एकच. पुन्हा डोळे मिटून ही वाट क्षणभर मनात धरा.

आता थोडं कठीण. मेंदूच्या तळाशी एखाद्या धमनीला फुगा आलेला असतो. तो फुटतो. आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी उठते, कित्येकांची शुद्ध जाते. कवटीतला दाब एकदम चढतो आणि नसेच्या आवरणातून डोळ्यामागे पोचतो. पडद्यावरून परतणारं रक्त तुंबतं, बारीक शिरा फुटतात. मेंदूतलं रक्त वाहत डोळ्यात येतं असं पूर्वी वाटे. आता बहुतेक तज्ज्ञ दाबालाच कारण मानतात. जर्मनीच्या मोरिट्झ लिटनने १८८१ मध्ये याची नोंद केली, पण नाव लागलं ते १९०० मध्ये लिहिणाऱ्या फ्रेंच नेत्रतज्ज्ञ आल्बेर तेर्साँचं.

असा फुगा फुटून आयसीयूत पडलेल्या एखाद्या माणसाजवळ मनाने थोडं बसा. परिचारिका ठरावीक वेळाने त्याच्या बाहुल्यांवर टॉर्च मारते. मेंदूवरचा दाब वाढतोय का, हे त्यावरून कळतं. पडदा नीट तपासायचा तर बाहुली मोठी करणारे थेंब घालावे लागतात, आणि मग काही तास ही खूण हातची जाते. म्हणून डॉक्टर थेंब घालायला कचरतात. त्यांचं बरोबरच आहे, आधी जीव. पण त्यामुळे डोळ्यातलं रक्त पुष्कळदा तो माणूस शुद्धीवर येऊन सांगेल तेव्हाच कळतं. जाळी दिसते, तांबूस पडदा दिसतो, कधी नुसता उजेड-अंधार. घरचे म्हणतात, अशक्तपणा असेल.

डोळ्यातल्या जेलीत उतरलेलं रक्त पावसाळ्यातल्या हंड्यातल्या गढूळ पाण्यासारखं आपल्या गतीने निवळतं. त्याला महिनेही लागतात. नाहीच निवळलं, किंवा दोन्ही डोळे भरले असतील, तर जेली काढण्याची शस्त्रक्रिया करतात. रॉबर्ट माखेमर यांनी मायामीत १९७० मध्ये ती सुरू केली. पडदा आणि नस शाबूत असतील तर नजर बरीच परत येते.

श्वास सावकाश सोडा आणि जरा मागे या, डोक्याच्या पार मागच्या भागापर्यंत. पाहण्याचं काम अखेर तिथे होतं. रक्तस्राव तिथे उजव्या बाजूला झाला तर दोन्ही डोळ्यांची डावी अर्धी नजर जाते. डोळे निर्दोष, पडदा स्वच्छ. कोणताही एक डोळा झाकला तरी तीच बाजू गायब.

आता तो नाहीसा झालेला अंगठा आठवा. तिथे काळोख नव्हता ना? अशी अर्धी नजर गेलेल्या माणसालाही काळोख दिसत नाही. डोळ्यातलं रक्त निदान आडवं येऊन आपलं अस्तित्व सांगतं. हे न दिसणं मुकाट असतं. तो ताटातली डावीकडची भाजी ठेवून उठतो, दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतो. वाचताना ओळीची सुरुवात सुटते आणि मजकूर निरर्थक वाटतो. विचारलं तर सांगतो, दिसतंय की सगळं. तो खोटं बोलत नाही.

म्हणून घरच्यांनी बघायचं. दोन्ही डोळ्यांनी काय दिसतं, मग एकेक झाकून काय दिसतं, हे विचारायचं. उत्तर काहीही आलं तरी नेत्रतज्ज्ञाकडून पडद्याची आणि दृष्टीच्या आवाक्याची तपासणी करून घ्यायची. नजर अचानक बिघडली तर तडक रुग्णालय गाठायचं. डावी बाजू गेलेल्याला वाचायला बसवताना ओळीच्या सुरुवातीला, डाव्या कडेशी लाल पट्टी ठेवतात आणि ती दिसेपर्यंत मान वळवायला शिकवतात. गेलेली बाजू याने परत येत नाही, पण तिकडे वळून बघायची सवय लागते. तुम्ही कुठे बसायचं? महत्त्वाचं बोलायचं असेल तर त्याच्या दिसत्या बाजूला. एरवी कधीतरी दुसऱ्या बाजूला बसा, हाक मारा, आणि तो मान वळवून तुम्हाला शोधेपर्यंत थांबा.