वाट माहीत असून गप्प राहणं



मागच्या महिन्यात गुरुवारचं नामस्मरण आमच्याकडे होतं. इंदूरच्या बायपासकडची आमची कॉलनी नवी, म्हणून ग्रुपवर कॉलनीचं नाव टाकलं आणि लिहिलं, "नकाशा लावून या." रामबागेतल्या काकू, वय 76, ऑटोने निघाल्या. फोनमधल्या नकाशाने त्यांना कॉलनीच्या मागच्या बाजूला नेलं. तिथे नुसती भिंत! ऑटोवाला उतरवून निघून गेला. भर उन्हात भिंतीच्या कडेने चालत काकू दारात पोचल्या, तेव्हा आरती झाली होती. त्या रागावल्या नाहीत. पाणी प्यायल्या आणि एवढंच म्हणाल्या, "अगं, आरती ऐकू येत होती गं भिंतीपलीकडून."

खरं सांगते, ती खूण चुकीच्या जागी आहे हे मला दोन वर्षांपासून माहीत होतं. कुरिअरवाले भैया त्याच भिंतीपाशी जाऊन फोन करायचे, आणि मी उलट त्यांनाच बोलायची, "इतका सोपा पत्ता सापडत नाही?" नकाशा काय मी बनवलाय? मला माझं घर सापडतंय ना!

मग मुलाने समजावलं. नकाशात रस्ता लाल दिसतो, तो तिथे अडकलेल्या लोकांच्या फोनवरून. म्हणजे दुसऱ्याचा खोळंबा होतो, तेव्हा आपल्याला आधी कळतं. 2004 मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला 'ओपनस्ट्रीटमॅप' तर साधी माणसंच भरतात. जानेवारी 2010 मध्ये हैती देशात मोठा भूकंप झाला. तेव्हा देशोदेशीच्या लोकांनी घरी बसून, उपग्रहाच्या चित्रांवरून तिथले रस्ते काढून दिले. मदतीला गेलेल्या पथकांनी तो नकाशा वापरला. ना ओळख, ना पाळख! निष्काम सेवा याहून वेगळी काय असते?

चूक मी केली नव्हती, मग दोष माझा कसा? खूप विचार केला. वाट माहीत नसणं हा दोष नाही. माहीत असून, 'मला कोणी विचारलं नाही' म्हणून गप्प बसणं हा दोष आहे. भिंतीपाशी उभा राहिलेला माणूस विचारणार तरी कोणाला? आपण रोज कुणीतरी दाखवलेल्या वाटेने जातो. ते ऋण पुढच्याला वाट दाखवूनच फिटतं.

मात्र स्वतः पाहिलंय तेवढंच नोंदवावं. ऐकीव माहिती देऊ नये, आणि कुणाचं खाजगी घर, नाव त्याला न विचारता टाकू नये. सेवेतही विवेक हवाच.

दुसऱ्या दिवशी गेटसमोर उभी राहून मी खूण सरकवली. पाच मिनिटांचं काम, दोन वर्षं राहिलेलं. काही दिवसांनी नकाशात बदल दिसला. आता घरी नामस्मरण असलं की मी गेटपाशी उभीही राहते. नकाशा गेटपर्यंत आणतो, हात धरून आत आपणच आणायचं.

आपल्याही गल्लीत अशी एखादी चुकलेली खूण असेल. येत्या गुरुवारपर्यंत तेवढी नीट करूया का?

॥ जय गुरुदेव ॥