दार लावून घेण्याचा हक्क

वाढदिवसाला सकाळी औक्षण होतं. निरांजन, सुपारी, हातावर पेढा, मोठ्यांना वाकून नमस्कार. दुपारी मात्र माजिवड्यातलं तिशी-पस्तिशीतलं जोडपं पाठीला सॅक लावून रिक्षात बसतं. ठाणे स्टेशन, तिथून जलद लोकल, सीएसएमटी आणि मग फोर्टात किंवा कुलाब्यात एका रात्रीची खोली. निघताना घरातून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मुंबईला तर रोजच जाता की ऑफिसला! मग वाढदिवसालाही तिथंच?"

प्रश्न बिनतोड आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ३४ किलोमीटर कापून ५७ मिनिटांत ठाण्याला पोचली होती. म्हणजे पावणेदोनशे वर्षं होत आली तरी हा प्रवास तासाभराचाच. गेटवे, वस्तुसंग्रहालय, मरीन ड्राइव्ह हे सगळं सकाळी निघून रात्री घरी परतण्याइतकं जवळ आहे. मग रात्रीच्या खोलीचे पैसे कशासाठी मोजायचे?

उत्तर वन बीएचकेच्या नकाशात सापडतं. हॉलमध्ये आई-बाबा झोपतात, बेडरूममध्ये पलंगाच्या कडेला मुलाचं अभ्यासाचं टेबल. बेडरूमच्या दाराला कडी असते. ती दिवसा लावायची नाही, हे कुणी कधी सांगितलेलं नसतं आणि सगळ्यांना ठाऊक असतं. भांडण झालं तर ते कुजबुजत करायचं, लाडात यायचं तर टीव्हीचा आवाज वाढवून. अशा घरातल्या माणसांना वाढदिवसाला समुद्राचा देखावा मिळाला नाही तरी चालतं. त्यांना आतून बंद होणारं दार हवं असतं.

मुंबई-ठाण्याला ही अडचण नवी नाही. वरळी, नायगावच्या बीडीडी चाळीत खोली १६० चौरस फुटांची, आणि तेवढ्यात अख्खं बिऱ्हाड. १९७० साली राजा ठाकूर यांनी 'मुंबईचा जावई' हा चित्रपट केला, तो नेमका यावरच. चाळीतल्या भरल्या घरात नव्या नवरा-नवरीला दोन निवांत क्षण मिळत नाहीत, ही त्यातली गंमत आणि तीच त्यातली कळ. दोनच वर्षांत बासू चटर्जींनी त्यावरून हिंदीत 'पिया का घर' काढला. प्रेक्षक खळखळून हसले, कारण बहुतेकांच्या घरी तेच चाललं होतं.

हसण्यापलीकडची बाजू त्याहून जुनी आहे. कल्याणच्या माहेरच्या आनंदीबाई जोशी नवऱ्यासोबत उघडपणे फिरायला बाहेर पडत, ही त्या काळी टवाळीची गोष्ट होती. रस्त्याने जाताना लोकांकडून होणाऱ्या त्रासाबद्दल त्या १८८३ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरच्या सभेत बोलल्या. नवरा-बायकोने चारचौघांत एकमेकांच्या सोबतीचा आनंद घ्यावा, हेच लोकांना खुपत होतं. कर्तव्य एकत्र करा, पूजेला जोडीनं बसा. पण नुसतं एकत्र असायला बाहेर कशाला जायचं?

ते खुपणं आज गेलं आहे असं म्हणवत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईत मढ आणि अक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले आणि सुमारे ४० जोडप्यांना खोल्यांतून बाहेर काढून पोलीस ठाण्यात नेलं. कारवाई कोणत्या कलमाखाली? मुंबई पोलीस कायद्याच्या ११० व्या, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. भाडं भरलेली, आतून बंद असलेली खोली त्या दिवशी सार्वजनिक ठिकाण ठरली. टीकेची झोड उठल्यावर पोलीस आयुक्तांना चौकशीचे आदेश द्यावे लागले. दोन वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तर स्पष्टच केलं, की अविवाहित सज्ञान स्त्री-पुरुषांनी हॉटेलच्या एका खोलीत राहणं हा गुन्हा होत नाही. तरीही जानेवारी २०२५ मध्ये हॉटेलच्या खोल्या देणाऱ्या ओयो कंपनीने मेरठमधल्या आपल्या भागीदार हॉटेलांसाठी, जोडप्याकडे नात्याचा पुरावा मागण्याचा नियम आणला. नात्याची तपासणी आता पोलिसांकडून रिसेप्शनच्या टेबलापर्यंत आली आहे, एवढाच फरक.

म्हणून वाढदिवसाला दोघांनीच कुठेतरी जाण्याला 'चोचले' म्हणणाऱ्यांनी जरा थांबायला हवं. ठाण्याच्या चौकाचौकांत वाढदिवसाचे फलक लागतात, रस्त्यात टेबल मांडून केक कापला जातो, मध्यरात्री फटाके वाजतात. त्याचा ताप अख्ख्या वस्तीला. दोन माणसं गुपचूप लोकल पकडून जातात, त्यांचा उपद्रव कुणाला? स्वार्थाचा ठपका मात्र हमखास या दोघांवर येतो.

पण एका ठिकाणी त्यांनीही हिशेब नीट मांडायला हवा. ती एक रात्र ज्यांच्या जिवावर मिळते ती माणसं घरीच असतात. नातवाचं जेवण, झोपताना गोष्ट, सकाळची शाळेची बस, हे सगळं आजी निभावते. तिला बहुतेक वेळा विचारलं जात नाही, कळवलं जातं. "आई, शनिवारी आम्ही नाही आहोत हं." आजीच्या होकाराची वाट पाहण्याची पद्धतच नाही, कारण तिचे दुसरे काही बेत असू शकतात हे कुणाच्या मनातही येत नाही.

आणि आजीच्या स्वतःच्या वाढदिवसाचं काय? आपल्याकडे साठीशांत होते, पुढे सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होतो. दोन्हींत पती-पत्नी पाटावर शेजारी बसतात. खरं तर जोडीनं साजरा करायचा वाढदिवस आपल्या परंपरेत आधीपासूनच आहे. फक्त त्या दिवशी भोवती शंभर माणसं असतात, फोटोवाला असतो, जेवणाच्या पंगती असतात, आणि संध्याकाळी दोघंही थकून पुन्हा त्याच हॉलमधल्या दिवाणावर. चाळिशीनंतर नवरा-बायकोला एकमेकांशी बोलायला आडोसा लागत नाही, असं घरातली तरुण माणसं गृहीत धरून चालतात. ज्या कडीसाठी ती स्वतः तक्रार करतात, ती आई-बाबांच्या वाट्याला किती वर्षांत आली नाही, याचा विचार त्यांच्याकडून सुटतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या हॉटेलच्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. एकांत थोडा स्वस्त झाला, पण तो ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्यासाठी. बाकीच्यांना ठाण्यातल्या तलावपाळीचा कठडा आणि उपवन तलावाकाठची संध्याकाळ. घरात मात्र एकांत फुकट देता येतो.

तेव्हा मुलगा-सून वाढदिवसाला निघाले तर मागून टोमणा मारू नका. आणि जाणाऱ्यांनो, पुढच्या वेळी खोली शोधताना आई-बाबांच्या वाढदिवसांच्या तारखाही पाहून ठेवा. एक रात्र त्यांच्या नावाने बुक करा. त्या रात्री मुलाला तुम्ही सांभाळा आणि फोन करू नका.