दार उघडणाऱ्याचे इमान

गुणवत्ता कोठेही जन्मते. संधीला मात्र ठरावीक गावांचेच रस्ते ठाऊक असतात. अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला होटन हे छोटे, हिमाच्छादित गाव आहे. तेथील तंत्रविद्यापीठात शिकणाऱ्या गॅरेट लॉर्ड, बेन ख्रिस्टेन्सन व स्कॉट रिंगवेल्स्की या तरुणांना उमगले, की नामवंत कंपन्यांची पावले अशा आडगावी क्वचितच वळतात. २०१४ साली त्यांनी विद्यार्थी आणि कंपन्या यांची गाठ घालून देणारी ‘हँडशेक’ ही कंपनी स्थापली. व्यवसायाचा अनुभव तोकडा. तरी मोटारीने गावोगावची विद्यापीठे गाठून त्यांनी तेथील अधिकाऱ्यांची मने वळवली.

येथेच एक नैतिक प्रश्न उभा राहतो. या व्यवहारात विद्यार्थ्याला दाम मोजावे लागत नाहीत. पैसा येतो तो विद्यापीठांकडून आणि कंपन्यांकडून. मग मध्यस्थाने इमान कोणाशी राखावे? दाम देणारा नाराज झाला तर बोलतो, उठून जातो. डावलल्या गेलेल्या विद्यार्थ्याला आपण डावलले गेलो, हेही कळत नाही. त्याची बाजू मांडायला संस्थापकाच्या सदसद्विवेकबुद्धीखेरीज कोण असणार? बंद दाराबाहेर जो स्वतः तिष्ठला, त्याच्यावर ही जबाबदारी अधिक आहे; कारण दार उघडणाराच पुढे द्वारपाल होतो.